शेंदराच्या आत

१

मारुती पोकळ निघाला तेव्हा गाभाऱ्यात हर्षल एकटाच होता.

त्याने नारळ वाढवला, वाटीतला तेलात कालवलेला शेंदूर दोन बोटांवर घेतला आणि देवाच्या खांद्याला लावला. बोटं जरा दाबली गेली. जुन्या मडक्यांची उतरंड ढासळावी तसा आवाज झाला आणि गुडघ्याएवढा उंच, केशरी, गुळगुळीत मारुती जागच्या जागी खाली बसला. चौथऱ्यावर खापरांसारखे शेंदराचे तुकडे पसरले. त्या तुकड्यांच्या मध्ये दगडाची मूर्ती असायला हवी होती. तिथे काहीच नव्हतं.

शेंदराची खोळ कशी तयार होते, ते आधी समजून घेऊ. दर शनिवारी देवाला तेल-शेंदूर लावतात. आधीचा काढत नाहीत. त्यावरच नवा चढतो. अशा पिढ्या जातात आणि मूळच्या दगडाभोवती चार-चार बोटं जाड कवच तयार होतं. लोक त्या कवचालाच देव म्हणून नमस्कार करतात. आतली मूर्ती डोंगरटाकळीत कुणाच्या पणज्यानेही पाहिली नव्हती.

डोंगरटाकळी सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. गाव संपतं तिथे अंबाबरव्याच्या जंगलाचा रस्ता लागतो आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी हे दगडी देऊळ आहे. हर्षल याच गावचा. पुण्याच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून तो दिवाळीनंतर कायमचा परत आला होता. वनखात्याचा गाइडचा पास त्याने मिळवला आणि तीन दिवसांची सहल सुरू केली. पहिल्या दिवशी बुलढाणा, म्हणजे घाटमाथ्यावरची थंड हवा आणि इंग्रजांच्या काळातल्या दगडी कचेऱ्या. दुसऱ्या दिवशी लोणारचं सरोवर आणि काठची प्राचीन देवळं. तिसऱ्या दिवशी हे जंगल.

आज तिसरा दिवस होता. शनिवार होता, म्हणून देवळात गर्दीही होती.

"देव कुठी आहे बे?" सभामंडपातून कुणीतरी ओरडलं.

"मले मालूम नाही," हर्षल गाभाऱ्याच्या दारात आला. त्याचे दोन्ही हात शेंदराने माखलेले होते. "मी नुसता शेंदूर लावला. देवाशपथ."

"आत जुनी मूर्ती आहे, लय किमती आहे, असं पाहुण्यायले कोन सांगत होतं? तूच न?"

हे खरं होतं. आदल्याच संध्याकाळी, पाहुण्यांची गाडी लोणारहून इथे मुक्कामाला पोचली तेव्हा, सगळ्यांसमोर त्याने तसं सांगितलं होतं.

हिंमतराव पाटील गर्दीतून पुढे आले. देवळाच्या पंच मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"ठाण्याला फोन लावा," ते म्हणाले. "देव सापडत नाही तोवर हा पोट्टा कुठी जाणार नाही."

मंडपाच्या पायरीवर हर्षलची आई, गोजरबाई, उभी होती. ती वावरातून तशीच आली होती. कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस होता. पोराकडे जाण्यासाठी तिने पाऊल उचललं, पण पुढच्या माणसांनी वाट दिली नाही.

२

सहलीच्या मंडळींत जयमालाबाई खेर्डेकर होत्या. बुलढाण्याच्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य विज्ञान शिकवलं. हर्षल तिथल्या वसतिगृहात राहून त्यांच्याच वर्गात शिकला होता. हे सरोवर, ही देवळं, त्यांनी कितीदा तरी पाहिली होती; त्या आल्या होत्या ते आपला विद्यार्थी कसा बोलतो, ते ऐकायला.

जमादार मोटारसायकलवरून आले. वयस्क, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी उंबऱ्यातूनच गाभारा पाहिला, हर्षलला एका खांबाशी बसवलं आणि म्हणाले, "केस झाली तं पास जाईन बरं तुहा. जे असंन ते आत्ताच सांग."

"साहेब, सांगायला काही असेल तर सांगेल ना तो," जयमालाबाई म्हणाल्या. "मला ते तुकडे पाहू द्या."

मंडपात कुजबुज झाली. या गाभाऱ्यात बायका जात नाहीत. मारुती ब्रह्मचारी, त्याला बाईने शिवायचं नाही. पुरुषानेही आंघोळ करून ओलेत्यानेच आत जायचं.

"मी उंबरा ओलांडत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर आणून ठेवा. हात लावणार नाही."

हिंमतरावांनी क्षणभर विचार केला. मग स्वतः विहिरीवर दोन बादल्या अंगावर ओतून घेतल्या आणि थंडीत कुडकुडत एकेक तुकडा आणून उंबऱ्याजवळ अंथरलेल्या धोतरावर ठेवला. बाई वाकून पाहत राहिल्या. तुकड्यांची बाहेरची बाजू तुळतुळीत होती. आतली काळपट, कोरडी.

"थांबा. हा जरा उन्हात धरा. हे काय आहे?"

तुकड्याच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मातीचा, लिंबाएवढा गोळा चिकटलेला होता. त्यावर लहान लहान गोल भोकं होती.

"हे तं कुंभारीण माशीचं घर," जमादार म्हणाले. "आमच्या घरी खिडकीले करते न."

"कधी करते?"

"कधी म्हणजे... पावसाळ्यात."

"बरोबर. माती ओली लागते तिला. चिखलाची गोळी तोंडात धरून आणायची, घर बांधायचं, आत अळी धरून ठेवायची, अंडं घालायचं आणि तोंड बंद करायचं. पिल्लू मोठं झालं की भोक पाडून उडून जातं. ही भोकं पाडून पिल्लं गेलेली आहेत, साहेब. आणि ही माशी दगड आणि शेंदूर यांच्या मधे घुसून घर बांधू शकत नाही. तिला मोकळी जागा लागते. मग सांगा, खोळ आतून रिकामी कधी झाली?"

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पावसाळ्याच्या आधी."

"आणि हर्षल गावात कधी आला?"

"दिवाळीनंतर," पायरीवरून गोजरबाई ओरडली. "त्याच्या आधी सालभर आला नाही. सुट्टीच भेटली नाही त्याले!"

मंडपातल्या माना गोजरबाईकडे वळल्या. पण जयमालाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. हिंमतरावांनी सर्वांत मोठा तुकडा उलटा ठेवला होता आणि तिरकं ऊन त्याच्या आतल्या खोलगट बाजूवर पडलं होतं. ओल्या मातीत पाऊल उमटावं तशी त्यात आतल्या मूर्तीची छाप होती. एक दंड होता, कोपर होतं, आणि मनगटापासून कोपरापर्यंत एकावर एक वर्तुळं.

बांगड्या.

त्याखाली रुंद कमरपट्टा होता. वर छातीवर दुपदरी हार, आणि हार ज्या उंचवट्यांवर रुळत होता ते पाहून तर शंका घ्यायला जागाच नव्हती.

मारुती म्हणून गाव इतकी वर्षं जिला पूजत होतं, ती देवी होती.

३

बाई त्याबद्दल लगेच बोलल्या नाहीत. एका वेळी एकच गणित, असा त्यांचा नियम होता.

सौमित्र हा पुण्याचा पाहुणा. जुन्या देवळांची छायाचित्रं काढायचा त्याला नाद. आदल्या संध्याकाळी सगळे मुक्कामाला गेल्यावरही तो देवळापाशी रेंगाळला होता, हे चौघांनी पाहिलं होतं. बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"मॅडम, माझ्यावर संशय आहे का?"

"सगळ्यांवर आहे. आत गेला होतास?"

"जाणार होतो. खोळीच्या आत यादवकालीन शिल्प असू शकतं, हे मलाही माहीत होतं. पण देवळातले लोक म्हणाले, विहिरीवर आंघोळ करून ओल्या अंगाने यायचं. मॅडम, बारा डिग्री होतं! मी खांबांचे फोटो काढले आणि परत आलो."

बाईंना हसू आलं. "त्या मोठ्या तुकड्याचा आतून फोटो काढ. तो मोडायच्या आत."

हिंमतराव ओले कपडे बदलून ओट्यावर बसले होते. त्यांना विचारणं अवघड होतं, पण बाईंनी विचारलं.

"देऊळ पाडून नवं बांधायचं तुमच्या मनात होतं म्हणे."

"हाव. टाइल्सचं, कळसवालं. लपवून काय करू? मूर्ती हलवा म्हणून निवृत्ती गुरवाले मीच म्हटलं होतं. त्यानं नाही म्हटलं. म्हणे, देव जागचा हलवला तं मी मरंन." "दगडाले हात लावासाठी गुरवाले विचारणारा माणूस मी. चोरून काऊन नेऊ?"

"मग देवाला रोज कोण शिवत होतं?"

"निवृत्तीच. त्याचंच घराणं. पण होळीले त्याले लकवा मारला. हात गेला, पाय गेला, जबान गेली. आता त्याचा भाचा वैजनाथ येते न, वरवट बकालहून, शनिवारी तांबडं फुटाच्या आधी. शेंदूर लावून निंगून जाते."

"तुम्ही त्याला पाहिलंय?"

"त्याले काय पाहाचं? शेंदूर ताजा रायते, म्हणजे येतच असंन."

वैजनाथला जमादारांनी फोन केला. तो तासाभरात पोचला. तिशीतला, तोंडात सुपारी, नजर जमिनीला. पहिल्यांदा तो म्हणाला की दर शनिवारी येतो. आज सकाळीही येऊन गेला.

"आज आलास तेव्हा दाराशी काय होतं?" बाईंनी सहज विचारलं.

"काय होतं? काई नोतं."

"पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची गाडी रात्रभर दाराला चिकटून उभी होती. आत जायला आडवं व्हावं लागत होतं. तुला दिसली नाही?"

वैजनाथने सुपारी थुंकली. जमादार फक्त खोकले.

"वैशाखापासून मी येतच नाही," तो म्हणाला. "लोकं म्हणतीन गुरवाचा भाचा असून देवाले चुकला, म्हणून बोललो नाही. पन माही चूक नाही, बाई. मामीनंच मना केलं. म्हणे, तू येत नको जाऊ, मी पाहतो काय कराचं ते."

४

आता जरा थांबून पाहू. खोळ पावसाळ्याआधी रिकामी झाली. तेव्हा हर्षल पुण्यात होता, निवृत्ती खाटेवर होता आणि वैजनाथचं येणं बंद झालं होतं. तरी दर शनिवारी देवाच्या अंगावर ताजा शेंदूर दिसत होता. म्हणजे कुणीतरी पोकळ देवाला शेंदूर लावत होतं, आणि तो पोकळ आहे हे त्या माणसाला माहीत होतं.

जयमालाबाई पुन्हा उंबऱ्यापाशी गेल्या. तुकडे उचलल्यावर चौथरा उघडा पडला होता. खोळ जिथे टेकली होती तिथे दगडावर मातीचा एक गोल काठ केलेला होता. ती खोळ पडू नये म्हणून तिला खालून दिलेला आधार होता तो. पांढरी माती, त्यात कुटार, म्हणजे गव्हाचा भुसा. पाण्याच्या हाताने ओढून गुळगुळीत केलेला, आतल्या बाजूने उतरता.

पुरुषाने हे काम केलं असतं तर सिमेंट आणलं असतं, नाहीतर दगडांच्या चिपा ठोकल्या असत्या. हा काठ चुलीच्या तोंडाचा होता. जिने आयुष्यभर दर साली नवी चूल घातली, तिचाच हात असा वळतो.

निवृत्ती गुरवाचं घर देवळाच्या मागेच होतं. त्याची बायको, वच्छलाबाई, चुलीपुढे बसल्या होत्या. शेजारी खाटेवर निवृत्ती पडून होता. तोंडाची एक बाजू उतरलेली, डोळे मात्र जागे. जयमालाबाई जमिनीवर बसल्या. चुलीकडे पाहिलं. मग वच्छलाबाईंकडे.

"मालूम झालं तुमाले," वच्छलाबाई म्हणाल्या.

"हो."

"चा घेता?"

"घेते."

चहा उकळून कपांत ओतला गेला. मग वच्छलाबाई आपणच बोलू लागल्या. आवाज अगदी साधा, बाजाराची हकीकत सांगावी तसा.

"आमच्या यायचा हात गेला न, तवा वैजनाथ येये. कधी येये, कधी नाही. दोन शनिवार देव कोरडा रायला. यायले झोप नाही. नुसते डोळे देवळाकडं. म्हटलं, मीच जातो. अंधारात कोन पाह्यते? वैशाखाचे दिवस, खोळ उन्हानं नरम झालेली. मी तेलाचा हात फिरवत होती आन् ती मांगून सुटली. आतला देव माह्या अंगावर आला. मी धरला, वो. दोन्ही हातानं धरला. पन हात तेलाचे. निसटला. चौथऱ्याच्या कोरीवर पडला आन् कमरीतून दोन तुकडे झाले."

"केवढी होती मूर्ती?"

"हातभर. लेकरासारखी." त्यांनी दोन्ही तळहात समोर धरले. "भंगला देव देवळात ठेवत नाही, घरात ठेवत नाही. घमेल्यात घेतला, वर लुगडं झाकलं, इथल्या धरणाच्या पाण्यात सोडला. माघारी येऊन खोळ उभी केली. काय करू? गावाले काय सांगू? बाईचा हात लागला आन् मारुती भंगला, असं सांगू? पिढ्यायची सेवा यायच्या घराण्याची."

"वच्छलाबाई, तुम्ही आत काय पाहिलं?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"बाई होती ती," त्या कोपराला हात लावून हळूच म्हणाल्या. "इथलोक बांगड्या. कमरेले पट्टा. हसत होती. पयले मले वाटलं, बाईनं शिवलं म्हणून भंगला. मंग रोज वाटे, तेच जर बाई होती, तं बाईच्या हाताचा राग काऊन करंन?"

खाटेवरून घशातल्या घशात आवाज आला. दोघींनी वळून पाहिलं. निवृत्तीच्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे ओघळत होतं.

"यायले मी सांगतलंच नव्हतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "रोज विचारत डोळ्यानं. मी म्हणो, देव बरा आहे." पदराने त्यांनी नवऱ्याचा कान पुसला, आणि मग चूल विझवली. "चला. त्या पोराचं नाव जाऊन राह्यलं. मी सांगतो चावडीवर."

५

चावडीवर पोचल्यावर जयमालाबाईंना पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे गुलाल. माणसांच्या कपाळावर, टोप्यांवर, ताशावर.

"तुकडे कुठे आहेत?" त्यांनी जमादारांना विचारलं.

"लोकायनं पाण्यात सोडले," जमादार नजर चुकवत म्हणाले. "भंगलेलं ठेवत नाही म्हणे देवळात. पंचनामा झाला होता, गर्दी तापली होती. मी कोनाकोनाले अडवू?"

मातीचं घर गेलं. बांगड्यांची छाप गेली. ताशा वाजवत, हात जोडून, भक्तिभावाने सगळा पुरावा धरणात गेला होता.

वच्छलाबाई मधे उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला आणि चुलीपुढे सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत सांगितलं. वैशाख, नरम खोळ, तेलाचे हात, घमेलं. शेवटी म्हणाल्या, "आन् तो मारुती नव्हता. देवी होती."

मागून एक जण हसला. त्याला दुसऱ्याने कोपर मारलं.

हिंमतराव उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "काकू, तुमी घरी जा. निवृत्तीच्या दुखण्यानं तुमचा जीव ठिकाणावर नाही, आमाले समजते. गोजरबाईचं पोरगं वाचावं म्हणून तुमी आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या."

"मी काऊन खोटं बोलू, हिंमतराव? पाह्यलं म्या."

"तुमी गाभाऱ्यात गेल्याच नसान. आपल्या गावातली बाई असं करत नाही."

जयमालाबाईंनी एकेक पायरी मांडली. त्या फळ्यापुढे उभ्या असल्यासारख्या बोलल्या: माशीचं घर, पावसाळा, दिवाळी, वैजनाथ, मातीचा काठ. आयुष्यात इतकं स्वच्छ त्यांनी क्वचितच शिकवलं असेल. आणि प्रत्येक पायरीला उत्तर आलं. हर्षल मधेच गुपचूप आला असेल, पुणं काय लंडन आहे का? माशीचं काय, ती कुठेही घर करते. मातीचा काठ चोरानेच बायकी केला असेल, कुणाला समजू नये म्हणून. वैजनाथने मामीचं नाव घेतलं, पण तो तर आळशीच आहे.

"फोटो आहे," सौमित्र पुढे झाला. फोन हातोहात फिरला. पडद्यावर केशरी-काळा खोलगट डाग होता. "हे बघा, हा कमरपट्टा. या बांगड्या."

"गदा आहे हे," एक म्हातारा म्हणाला. "गदेचे वेढे आहेत."

"आन् हे शेपूट," दुसरा म्हणाला.

फोन पुढे पुढे जात होता तसे आणखी लोकांना गदा दिसू लागली. परत हातात आल्यावर सौमित्रने फोटो पाहिला आणि त्यालाही क्षणभर गदाच दिसली.

"पाण्यात शोधता येईल," जयमालाबाई म्हणाल्या. "जागा वच्छलाबाई दाखवतील. पाणी उतरलं की..."

"म्याडम," जमादार त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मले तुमचं पटलं. शब्दन् शब्द पटला. पन इचार करा. काकूनं मूर्ती टाकली वैशाखात, तवाच पाणी सगळ्यात खाली होतं. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातबी ते जागा उघडी पडत नाही. वरून एका पावसाळ्याचा गाळ. मी अर्ज करीन. पानबुडे कोनी या गावासाठी पाठवन, असं मले वाटत नाही."

"आणि हर्षल?"

"लोकायनं तक्रार दिली आहे. न्यावं लागते. सोडतीन त्याले, मुद्देमाल नाही काही नाही. पन पास..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही.

हर्षल ठाण्याहून आलेल्या जीपच्या मागच्या बाकावर बसला. हातावरचा शेंदूर वाळून फुटला होता. जयमालाबाई जवळ गेल्या.

"बाई, माझे पाहुणे," तो म्हणाला. "जंगलाची वेळ तीनची आहे. दुसऱ्या गाइडला सांगतलं आहे मी. नाल्यापाशी गाडी थांबवाले सांगजा, तिथं अस्वलाचे नखं दिसतात झाडावर."

"सांगते."

"आन् देवी कोणती होती, समजलं का?"

"नाही रे. चेहरा उमटला नव्हता तेवढा."

तो हसल्यासारखा झाला. जीप निघाली. पाहुण्यांची गाडीही जंगलाकडे गेली. जयमालाबाई गेल्या नाहीत.

दुपार उतरताना त्या वच्छलाबाईंच्या अंगणात बसल्या होत्या तेव्हा पहिली बाई आली. ताक मागायला आले म्हणाली आणि खाली बसली. मग दुसरी. मग सुनेला घेऊन एक सासू. कुणी भाजी निवडायला घेऊन आली, कुणी रिकाम्या हाताने. हिंमतरावांची बायकोही आली आणि दाराला टेकून उभी राहिली. बराच वेळ निव्वळ थंडीबद्दल आणि कापसाच्या भावाबद्दल बोलणं चाललं.

"काकू," त्या सुनेने शेवटी विचारलं, "कशी होती वो ती?"

वच्छलाबाईंनी सांगितलं. बांगड्या सांगितल्या, हार सांगितला, ओठांचा कोपरा कसा वर होता ते सांगितलं. बायका ऐकत होत्या. कुणाला गदा दिसली नाही, कुणी शेपूट विचारलं नाही. "मले लहानपनीच वाटे," एक म्हातारी पुटपुटली, "एवढी शांत मूर्ती मारुतीची कशी?" हिंमतरावांच्या बायकोने डोळ्याला पदर लावला.

अंगणाच्या दाराशी गोजरबाई येऊन उभी होती. किती वेळ ते कुणाला कळलं नाही. तिच्या ओटीत अजून सकाळचा कापूस तसाच होता.

"तुमाले पटलं न सगळ्यायले?" ती म्हणाली.

कुणी नाही म्हटलं नाही.

"मंग चला न चावडीवर. तुमी एवढ्या जणी म्हटलं तं ऐकतीन ते. माह्या पोराचा पास वाचते. चला."

भाजी निवडणाऱ्या हातांनी भाजी निवडणं चालू ठेवलं. सुनेने सासूकडे पाहिलं, सासूने जमिनीकडे. कुणीतरी म्हणालं, गुरं येतीन आता. कुणीतरी म्हणालं, घरचे जेवाचे रायले आहेत. हिंमतरावांची बायको दारातून बाजूला झाली, गोजरबाईला वाट द्यायला, की स्वतःला निघायला, ते समजलं नाही.

जयमालाबाई उठल्या. वच्छलाबाईही गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. गोजरबाईने दोघींकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या सगळ्यांकडे, आणि पुन्हा या दोघींकडे.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली. "तुमचं ऐकून झालं त्यायचं."

आणि ती एकटीच चावडीकडे निघाली.